तपासनीसांचं आजचं बरं

लिफ्टमध्ये शिरल्यावर माणसं आरशात बघतात, नाहीतर मोबाइलमध्ये. तपासनीस छताकडे बघतात. मग दाराच्या फटीकडे, मग बटणांकडे, आणि शेवटी बरोबरच्या माणसांकडे अशा नजरेने बघतात की निम्मी माणसं जिन्याने जाणं पसंत करतात. लिफ्ट तपासायची आणि तिच्यातले दोष लिहून काढायचे, हीच त्यांची नोकरी. ज्याला दोष काढण्याचा पगार मिळतो तो घरी येऊन तरी दुसरं काय करणार? शेजारीपाजारी त्यांना तपासनीसच म्हणतात. बायको नुसतं ‘अहो’ म्हणते, पण त्या एका ‘अहो’त बराच मजकूर असतो.

बायको अगदी दुसऱ्या टोकाची. दिवसभर औषधांच्या दुकानात उभं राहून लोकांची दुखणी ऐकायची आणि घरी आली की चिंध्या घेऊन बसायची. जुन्या सदऱ्याची उशी करायची, फाटक्या पडद्याची पिशवी करायची, आणि पिशवी फाटली की तिचंही काहीतरी करायची. हे सगळं ती आपल्या वेबसाइटवर टाकायची. वेबसाइटचं नाव ‘चिंध्या आणि पुस्तकं’. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी त्याचे पैसे देत नव्हतं. हौस होती, बस. पुस्तकांबद्दलही ती लिहायची. वाचता वाचता चहा किती वेळा निवला, त्यावरून पुस्तक किती चांगलं ते ठरवायची. चहा निवणं हे खोलीच्या तापमानावर अवलंबून असतं, हे तपासनीसांनी एकदा सविस्तर समजावलं होतं. काही उपयोग झाला नाही. आणि सगळ्यात खाली रोज दोन-चार ओळी असायच्या, त्यांचं नाव ‘आजचं बरं’. खिडकीत येऊन बसलेलं मांजर, दुकानात एका आजोबांनी सांगितलेला विनोद, असं दिवसभरात जे बरं घडलं ते. वाचणारे तिला ताई म्हणत, म्हणून आपणही ताईच म्हणू.

एके दिवशी कपाटावरची कापडांची पिशवी काढायला ताई स्टुलावर चढली आणि पिशवीसकट खाली आली. स्टूल डुगडुगतं हे तपासनीसांनी आधीच सांगून ठेवलं होतं. डॉक्टर प्लास्टर घालत असताना त्यांनी ते पुन्हा एकदा सांगितलं.

उजवा हात गळ्यात आला. दुकानातून रजा मिळाली, शिवण थांबली, त्याचं ताईने फारसं मनावर घेतलं नाही. पण वेबसाइट बंद ठेवायची म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. मग ती सांगेल आणि तपासनीस टाइप करतील असं ठरलं.

“लिहा,” ताई म्हणाली, “समोरच्या गच्चीवर पिवळी चादर वाळत घातली होती. किती छान दिसत होती.”

“किती म्हणजे?”

“अहो, किती म्हणजे खूप.”

“मग खूप म्हण. आणि ती चादर पिवळी नाही. पांढरीच आहे, धुऊन धुऊन तशी झालीय.”

दोन दिवसांत ताईने हात टेकले, म्हणजे जो टेकता येत होता तो. “तुम्हीच लिहा आता ‘आजचं बरं’,” ती म्हणाली. “बघू तरी तुम्हाला काय बरं दिसतं ते.”

दिलेलं काम तपासनीसांनी आजवर कधी टाळलं नव्हतं. दिवसभर डोळ्यांत तेल घालून शोधलं आणि संध्याकाळी एका बोटाने लिहिलं: ‘आज बरं असं काही आढळलं नाही. सकाळी दूध नासलं. पावाची पिशवी उघडी राहिल्याने पाव कडक झाला होता. दूध नसल्याने तो भिजवता आला नाही.’ दुसऱ्या दिवशी: ‘आज कुणीही भेटायला आलं नाही. ही नोंद बऱ्यात धरावी.’ तिसऱ्या दिवशी: ‘न्हाव्याने केस एका बाजूला जास्त कापले. बायको म्हणते, कळून येत नाही. याचा अर्थ तिला कळलं आहे.’

वाचकांची हसून हसून पुरेवाट झाली. ताईसुद्धा हसली, बहिणीला फोनवर वाचून दाखवलं. ज्यांनी कधी चकार शब्द लिहिला नव्हता तेही लिहायला लागले. मग ‘लोकरवाली मावशी’ या नावाने लिहिणाऱ्या, अगदी सुरुवातीपासूनच्या एका वाचकबाईंनी लिहिलं: ‘ताई, हाताची घाई करू नका. तोवर साहेबांनाच लिहू दे. खरं सांगू का, आता जास्त मजा येते.’

ताईने ते दोनदा वाचलं. मग स्वतः शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर डाव्या हाताने कम्प्युटरवर ओढलं.

“प्लास्टर निघालं तरी तुम्हीच लिहीत जा,” ती म्हणाली. “लोकांना तेच हवंय. मी आपली उगीच चिंध्या गोळा करत बसले इतकी वर्षं.”

राग असेल, उतरेल, असं तपासनीसांना वाटलं. पण तो राग नव्हता. कापडांची पिशवी परत कपाटावर गेली. ताईचं वाचन थांबलं आणि तिचा चहा गरम असतानाच संपू लागला. सोफ्यावर तर एकही सुई सापडेना. इतकी वर्षं बसण्याआधी सोफा चाचपून बघावा लागे, तरी एखादी सुई टोचायचीच आणि त्यावर तपासनीसांचं व्याख्यान व्हायचं. आता सोफा पूर्ण निर्धोक झाला होता आणि त्यांना तिथे बसवत नव्हतं. माणूस घाबरला होता. बायकोची एकुलती एक हौस आपण गिळून बसलो, हे त्याला कळून चुकलं होतं.

लिफ्ट धोक्याची वाटली की बंद करायची, हा त्यांचा साधा नियम. त्यांनी स्वतःला बंद पाडायचं ठरवलं. इतकं गुळमट लिहायचं की वाचकांनी कंटाळून ताईला हाका मारल्या पाहिजेत. ‘आज सूर्य उगवला. किती सुंदर. मग तो मावळला. तेही सुंदर.’ वाचकांनी लिहिलं, साहेब, आज कहर केलात. मग त्यांनी लिहिलं, वरच्या मजल्यावर टेबल ओढतात तो आवाज मला फार आवडतो. वरच्या मजल्यावरचे लोक नेमके वाचक निघाले. आनंदाने त्यांनी आणखी ओढायला सुरुवात केली.

शेवटी तपासनीसांनी तो नाद सोडला. सुया खोचायची छोटी उशी कशी शिवायची ते दाखवीन, असं ताईने पडण्याआधी वाचकांना कबूल केलं होतं. निदान तिचा शब्द तरी पाळावा म्हणून ते लिहायला बसले. ताई अशा उश्या शिवताना त्यांनी वर्तमानपत्राआडून कितीदा पाहिलं होतं. हे मात्र त्यांनी मनापासून लिहिलं, मिलिमीटरमध्ये मापं देऊन. ‘कापडाचे दोन तुकडे सुलट बाजू आत ठेवून एकमेकांवर ठेवा. चारही बाजूंनी घट्ट शिवा. कुठेही फट राहता कामा नये. नंतर उशी सुलट करून आत कापूस भरा.’

इतक्या काटेकोर माणसावर कोण शंका घेणार? घरोघरी बायकांनी चारही बाजू घट्ट शिवल्या. मग फोटो येऊ लागले, सगळ्या उश्या चपट्या, उलट्या आणि बंद. ‘साहेब, कापूस कुठून भरू?’ लोकरवाल्या मावशींना तर हसूही येत नव्हतं. ‘जपून ठेवलेलं रेशमी कापड होतं हो. आता सुलट होत नाही आणि उसवायचा धीर होत नाही. मजा पुरे झाली. ताईंना बोलवा.’

तपासनीसांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी ताईला हाताला धरून कम्प्युटरपुढे आणलं. ताईने सगळं वाचलं.

“अहो, फट कुठे ठेवलीत?”

“फट कशाला?”

“सुलट करायला. कापूस भरायला.”

फट दिसली की ती बंद करायला लावायची, यातच तपासनीसांची सगळी नोकरी झाली होती. फट मुद्दाम ठेवतात हे त्यांना आज कळत होतं.

ताईने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. “मुद्दाम केलंत ना? माझ्यासाठी? परवा त्या सूर्याचं कौतुक केलंत तसं?”

सुटायला आयती वाट होती. नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर अब्रूही वाचली असती आणि वर प्रेमळ नवरा ठरले असते. पण ‘हो’ म्हटलं की ते फुलाफुलांचं कव्हर पुन्हा ओढलं जाणार, हे त्यांना दिसत होतं. कीव केलेली तिला कधीच चालली नव्हती.

“नाही,” ते म्हणाले. “चुकलो. मला खरंच माहीत नव्हतं.”

ताईने खुर्ची पुढे ओढली आणि डाव्या हाताच्या एका बोटाने मावशींना उत्तर लिहायला घेतलं: एका बाजूचे मधले चार टाके सुईच्या टोकाने अलगद उसवा, कात्री लावू नका, रेशमाला काही होणार नाही. मग कपाटावरची पिशवी खाली आली, या वेळी स्टुलावर तपासनीस स्वतःच चढले. फोटोसाठी त्यांना समोर बसवून ताईने त्यांच्याकडून एक उशी शिवून घेतली, फटीसकट.

“हा कोपरा काटकोनात नाही आला,” तपासनीस म्हणाले.

“असू दे,” ताई म्हणाली आणि पुन्हा टाइप करू लागली. सगळ्यात खाली तिने लिहिलं: ‘आजचं बरं: आमच्या घरी आज एकजण चुकलो म्हणाले. मी स्वतः ऐकलं.’

तपासनीसांनी ते वाचलं, सोफ्यावर जाऊन बसले आणि ताडकन उठले. उशी शिवून झाल्यावर सुई त्यांनीच तिथे ठेवली होती. त्यांनी ती उचलून नव्या उशीत खोचली. टेबलावर ताईचा चहा केव्हाच निवला होता.