गरम हवेनं जायचं कुठून

कॉम्प्युटर तापून सारखा बंद पडत होता. दुरुस्तीला आलेल्या बाईंनी उदबत्ती मागितली. बायको गेल्यापासून मी ती लावलीच नव्हती. देवघराच्या खणात अर्धा पुडा सापडला.

बाईंनी पेटती उदबत्ती पुढच्या पंख्यासमोर धरली. धूर आत गेला. मागच्या पंख्याशी धरली, तिथंही आतच गेला.

"काका, दोन्ही पंखे हवा आत घेतायत. गरम हवेनं जायचं कुठून?"

मीही दिवसभर पेपर वाचतो, बातम्या ऐकतो, सगळं आत घेतो. सांगायला समोर कुणी नसतं.

त्यांनी मागचा पंखा उलटा बसवला. धूर मागून सरळ बाहेर पडला. घरात कितीतरी दिवसांनी सकाळचा वास आला.

"विझवू?"

"राहू द्या," मी म्हणालो. "आमची ही रोज लावायची."

आणि मग बोलता बोलता मला थांबताच येईना.