सहकुटुंब पाहावा

जळगावात असताना मी एका साप्ताहिकात सात-आठ वर्षं सिनेमांवर लिहिलं. एवढ्या वर्षांत फक्त एका सिनेमाला नावं ठेवली. बाकी सगळे मला आवडले. हे सांगताना मला लाज वाटत नाही. त्या एकाची मात्र अजून वाटते.

मी कचेरीत कारकून होतो. शनिवारी अर्धा दिवस भरला की तीनच्या खेळाला जायचं, रविवारी सकाळी लिहून काढायचं, बुधवारी अंक निघायचा. नवा सिनेमा म्हणजे आमच्यापुरता नवा. मुंबईत उतरून गेलेली प्रिंट आमच्याकडे यायची तेव्हा तिच्यावर इतके ओरखडे असायचे की भर उन्हातल्या प्रसंगातही पाऊस पडतोय असं वाटावं. तरी मला त्यात काही ना काही सापडायचंच. नायक लाकडाचा ओंडका असेल, पण पोस्टमनचं काम करणारा म्हातारा पत्र देण्याआधी हात धोतराला पुसायचा, ते मला दिसायचं. गोष्ट पार फसलेली असेल, पण विहिरीवरच्या गाण्यात दोर ओढणाऱ्या बाईच्या तळहातावर कुणीतरी नेमका उजेड पाडलेला असायचा. एवढ्या माणसांनी मिळून केलेल्या कामात एकानेही मन लावलेलं नाही, असं होतच नाही. मी त्या एकाला शोधायचो आणि त्याच्या जोरावर अख्ख्या सिनेमाची तोंड भरून स्तुती करायचो. शेवटची ओळ ठरलेली असे: सहकुटुंब पाहावा.

ही ओळ धुळ्यातल्या एका घरात हुकूम म्हणून वाचली जात होती, हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं.

ते घर माझ्या बहिणीच्या सासरचं. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिचे सासरे, आबा, निवृत्त मास्तर. छापलेल्या शब्दावर त्यांचा फार विश्वास. सुनेचा भाऊ लिहितो म्हणून त्यांनी आमचं साप्ताहिक टपालाने सुरू केलं होतं. रविवारी जेवणं झाली की सगळ्यांना बसवून ते माझा मजकूर मोठ्याने वाचायचे, आणि सवयीने मध्येच शुद्धलेखनाच्या चुकाही काढायचे. जळगावला लागलेली प्रिंट दोन-तीन आठवड्यांनी धुळ्याला जायची. तोवर आबांनी माझं परीक्षण जपून ठेवलेलं असे. शेवटची ओळ असली की अक्काला आणि तिच्या दोन जावांना तीनच्या खेळाला जायची परवानगी. नसली तर विषय संपला. पण ती ओळ नाही, असं कधी झालंच नव्हतं.

हे मला अक्कानेच सांगितलं, ती अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली तेव्हा. आदल्या हिवाळ्यात तिची चार वर्षांची मुलगी तापाने गेली होती. आमच्याकडे अखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. बाहेर गल्लीत तोच गलबला चालला होता. अक्का झोक्याकडे फिरकली नाही. मी परसात निंबाखाली खाट टाकून पडलो होतो, तिथे आली, पायथ्याशी बसली आणि म्हणाली,

“भाऊ, तू असंच चांगलं लिखत जाय.”

मला वाटलं, कौतुक करतेय. मी फुगलो. कोणता सिनेमा जास्त आवडला, असंही विचारून बसलो.

“माले गोष्ट ध्यानमा ऱ्हात नही,” ती म्हणाली. “तठे थेटरमा अंधार ऱ्हास ना. बठ्ठ्या बाया रडतस. मी बी रडस. कोनी इचारत नही.”

मग तिने हळूहळू सगळं सांगितलं. सासरी घरात बारा माणसं. धाकट्या जावेला दिवस गेलेले, तिच्यासमोर डोळ्यांत पाणी आणायचं नाही अशी सासूची ताकीद. रागाने नव्हे, भीतीने. माहेरी यावं तर आई हिच्या आधी रडायला लागायची आणि मग हिलाच तिची समजूत काढावी लागायची. राहिलं थेटर. बायकांची बाकं वेगळी, मध्ये कापडाचा पडदा, आजूबाजूला अनोळखी बाया. तिथे अक्का जावांपासून जरा लांबचं बाक धरायची आणि पोटभर रडून घ्यायची. सिनेमा हसवणारा असला तरी तिचं काही अडत नसे.

मी तिला म्हणालो, “अक्का, काळजी करू नको. माझ्या हातून वाईट लिहिलंच जाणार नाही.”

तिने माझ्या पायावर हात ठेवला आणि आत निघून गेली. एवढा मोठा शब्द मी पुढे कुणाला दिला नाही.

तो मी जेमतेम पावसाळाभर पाळला. त्या चार महिन्यांत रडवणारा सिनेमा आला की मी मुद्दाम सढळ हाताने लिहायचो. आणि खोटं लिहीत नव्हतो. अक्कासाठी बघायला लागल्यापासून मला त्या सिनेमांत जास्तच चांगलं दिसायला लागलं होतं.

वाचनालयात कॉलेजचे एक प्राध्यापक रोज संध्याकाळी यायचे. मोठे वाचक. दोन-चार जण त्यांच्याभोवती कायम असत, आणि मीही आशेने कडेला उभा राहायचो. एकदा मला बघून ते म्हणाले, “या, या. यांचं परीक्षण म्हणजे सत्यनारायणाचा प्रसाद. रांगेत उभा राहील त्याला मिळतो.”

सगळे हसले. मीही हसलो. पण नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच. घरी येऊन जेवलो नाही. आपल्यालाही झोडपता येतं, हे एकदा या माणसाला दाखवायचंच, असं मनाशी घेऊन बसलो.

त्याच शनिवारी जो सिनेमा लागला होता, तो एका आईचा होता. तिचं मूल आजारात जातं. त्यानंतरचा सगळा सिनेमा ती घरातली कामं करते, आणि मागे दोरीवर वाळत टाकलेलं एक झबलं तसंच राहतं. ते कुणीच काढत नाही. कॅमेरा मुद्दाम दाखवत नाही, पण ते कोपऱ्यात दिसत राहतं. मला ते दिसलं. नेहमीसारखा असतो तर त्या झबल्यावरच अर्धा रकाना लिहिला असता.

मी झबल्याविषयी एक अक्षर लिहिलं नाही. लिहिलं ते असं: मूल मारायचं, आईला रडवायचं, आणि पदर डोळ्यांना लावून बसणाऱ्या बायकांच्या जिवावर थेटर भरायचं, हा नुसता धंदा आहे, समजदार बायकांनी अशा ठिकाणी रडायची लाज बाळगावी. शेवटची ओळ: सहकुटुंब पाहू नये.

लिहिताना अक्का आठवली नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. आठवली होती. एक सिनेमा चुकला तर तिचं काय बिघडणार आहे, असं म्हणून मी पुढचं वाक्य लिहिलं होतं.

बुधवारी संध्याकाळी प्राध्यापकांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. “आता कुठे तुम्ही लेखक झालात,” म्हणाले. त्या रात्री मला छान झोप लागली, हेही लिहून ठेवतो.

पुढच्या आठवड्यात आबांचं कार्ड आलं. सुवाच्य, मास्तरी अक्षर. “आपले परखड परीक्षण सर्वांना दोन वेळा वाचून दाखविले. शेवटचा भाग सुनांकडून पुन्हा वाचून घेतला. थोरल्या सूनबाईंनी स्पष्ट वाचला. त्यांनाही पटले. आपला अभिमान वाटतो.”

थोरली सूनबाई म्हणजे अक्का. तिला चौथीपर्यंतचं वाचता यायचं. ते वाक्य तिने सगळ्या घरासमोर स्वतःच्या तोंडाने वाचलं होतं. मी ते कार्ड हातात धरून कचेरीच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिलो. साहेबांनी बोलावलं तेव्हा उठलो.

सिनेमा धुळ्याला लागला त्या रविवारी मी सकाळच्या एस. टी.ने गेलो. आबांना म्हणालो, “अक्काला घेऊन तो सिनेमा बघून येतो.”

“अहो, पाहू नये असं तुम्हीच लिहिलंत ना?”

“चुकलं माझं, आबा. पुन्हा बघायचाय.”

“छापून आलेलं चुकतं कसं?” त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. त्यांना खरंच कळत नव्हतं. पण पाहुण्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून त्यांनी हो म्हटलं. अक्काने लुगडं बदललं.

आणि थेटरात मी आणखी एक शहाणपणा केला. भाऊ-बहीण शेजारी बसू, म्हणून वरच्या खुर्च्यांची तिकिटं काढली. पडद्याआड अनोळखी बायांत तिला बसू दिलं असतं तर कदाचित काही झालं असतं. दिवे गेले आणि मी सिनेमा सोडून तिच्याकडे बघत बसलो. तिलाही ते कळत असणार. मूल गेलं. खालच्या बाकांवरून हुंदके यायला लागले. दोरीवरचं झबलं दिसायला लागलं, तेव्हा माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. अक्का ताठ बसली होती, हात मांडीवर, नजर समोर. परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी.

बाहेर ऊन होतं. पांझरेच्या पुलापर्यंत आम्ही चालत आलो. तिथे ती थांबली, माझ्याकडे वळली आणि साध्या आवाजात म्हणाली,

“देख भाऊ, मी नही रडनू.”

ती पुढे म्हणाली, “तू लिखेल व्हतं ना.”

तिच्या आवाजात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. टोमणा नव्हता. धाकट्या भावाने शिकून-सवरून काही लिहिलं, ते खरंच असणार, असं तिला वाटलं होतं. मी म्हणालो, “अक्का, ते खोटं होतं. मला तो सिनेमा आवडला होता.” तिने मान हलवली आणि पदर सारखा करून चालायला लागली.

बुधवारच्या अंकात मी पुढच्या सिनेमाची एवढी स्तुती केली की संपादकांनी मला बोलावून तब्येत विचारली. प्राध्यापकांनी ओळख दाखवणं सोडलं. शेवटच्या ओळीखाली मी जाड रेघ मारून घेतली होती. सिनेमा रडवणाराच होता. दोन-तीन आठवडे टपालाची वाट बघत राहिलो.

आबांचं कार्ड आलं. परीक्षण वाचून दाखवलं होतं, परवानगी लगेच दिली होती. खाली लिहिलं होतं: “दोन्ही धाकट्या सुना जाऊन आल्या. थोरल्या सूनबाई नको म्हणाल्या. धाकटीचे तान्हे मूल सांभाळायला कोणीतरी घरी हवे, असे त्यांचे म्हणणे पडले.”