दोन चमचे ब्रांडी

ब्रांडी द्राक्षांची आणि व्हिस्की धान्याची, असं नातू मला परवा समजावून सांगत होता. सांगू दे. या वयात नवं काही ऐकून घ्यायचाही कंटाळा येतो. आमच्या आदिलाबादच्या घरात फरक सोपा होता. ब्रांडी ही दवाई, ती चमच्यानं घ्यायची. व्हिस्की ही दारू, ती पेल्यानं प्यायची आणि मग माणूस वाया जायचा.

बाळंतिणीला ब्रांडी, गारठलेल्या पोराच्या छातीला ब्रांडी आणि संध्याकाळी कचेरीतून आलेल्या बाबांनाही ब्रांडीच. दोन चमचे, ओव्याच्या गरम पाण्यात. आई म्हणायची, "सर्दी बसली हाये त्याइच्या छातीत." भर उन्हाळ्यातही ती बसलेलीच असायची. बाबांना वर्षात धड शिंकही येत नसे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

बाबा तहसिलीत कारकून. उमेदीची सारी वर्षं त्यांनी उर्दूत मिसली, म्हणजे कचेरीच्या फायली, लिहिण्यात घालवली. निजामी गेली तरी कचेरीतली उर्दू बरीच टिकून होती. मग हैदराबाद राज्याचे तुकडे झाले, आमच्याच जिल्ह्यातलं किनवट मराठी मुलखात गेलं, आम्ही आंध्रात राहिलो आणि कचेरी हळूहळू तेलुगू झाली. बाबांना तेलुगूची परीक्षा आली. नापास झाले तर कालची पोरं साहेब होऊन डोक्यावर बसणार होती. मी शाळेत तेलुगू शिकत होते, म्हणून त्यांची पाटी मीच तपासायची. झरझर उर्दू लिहिणारा तो हात त्या गोल अक्षरांपाशी अडून बसायचा. मला भारी चीड यायची. बाबांची नाही, अक्षरांची.

बाबांच्या शेजारच्या टेबलाचे एक मराठी कारकून बदली मागून नांदेडकडे निघाले. "तुमी बी चला ना," ते निरोप घ्यायला आले तेव्हा म्हणाले.

"वावर हाये, म्हातारी माय हाये. कसा येऊ?" बाबा म्हणाले.

जाताना त्या कारकुनांनी बाबांना आठवण म्हणून व्हिस्कीची बाटली दिली. आईनं ती पदरानं धरून ज्वारीच्या कणगीमागे ठेवली.

"धान्याचीच हाये, धान्यापाशी राहू दे," बाबा हसून म्हणाले. आई हसली नाही.

निकाल लागला त्या दिवशी बाबा ऊन असतानाच घरी आले. चपला काढता काढता म्हणाले, "नाई झालो पास." एवढंच. मग ओसरीवर भिंतीला टेकून बसले. मला रडू आवरेना.

आई आत गेली. तिनं ओव्याचं पाणी ठेवलं नाही. कणगीमागची बाटली काढली, बूच उघडलं, पितळी पेला अर्धा भरला आणि बाबांपुढे आणून ठेवला.

"घ्या," ती म्हणाली. "सर्दी-बिर्दी काई नाई तुमाले. थकले तुमी. आज दारूच घ्या."

इतक्या वर्षांत ती हे पहिल्यांदाच बोलली. बाबांनी पेला हळूच तिच्याकडे सरकवला.

"चमचा आण," ते म्हणाले. "अन् पाणी गरम कर."