उडी मारण्याआधी

"आई, आधी खालून पाणी बघून येते," म्हणत माझी मुलगी मुक्ता कातळाच्या कडेने उतरली आणि धरणाच्या पाण्यात शिरली. मी वर कातळावरच बसून राहिले. तिने बुडी मारली. क्षणभर तरंग उठले, मग पाणी पुन्हा सपाट, जणू तिथे कुणी गेलंच नव्हतं. पाण्याला माणूस किती चटकन विसरता येतो!

ती वर आली, धापा टाकत म्हणाली, "खाली झाडाचं जुनं खोड उभं आहे गं, चांगलं टोकदार. इथून उडी नको."

ती कपडे बदलायला गेली, तरी मला उठता येईना. गेल्या वर्षी तिने इथूनच उड्या मारल्या होत्या, आणि मी टाळ्या वाजवत होते.