आवाज गेला त्या वर्षी

गळ्यातली गाठ साधी निघाली म्हणून भावाने दवाखान्याच्या दारातच पेढे वाटले. मी ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर नर्सकडे पाणी मागितलं, तर तोंडातून नुसती हवा आली. डॉक्टर म्हणाले, सूज आहे, उतरेल. सूज उतरली, आवाज आला नाही. मग पुण्याला नेलं. तिथे नाकातून दुर्बीण घालून पडद्यावर मला माझाच गळा दाखवला. एक स्वरतंतू हलत होता, दुसरा नुसता पडून होता.

"कधीकधी वर्षभरात परत येतो," तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी 'कधीकधी'वर दिलेला जोर मला बरोबर ऐकू आला. जोर कुठे द्यायचा, हेच तर मी इतकी वर्षं शिकवत आले होते.

ही धड एक काही करत नाही, असं घरचे माझ्याबद्दल म्हणायचे. सकाळी नगरच्या एका कॉलेजात तासिकेवर नाट्यशास्त्र शिकवायचे, दुपारी स्थानिक चॅनलवर बातम्या वाचायचे, संध्याकाळी रेडिओवर बायकांचा कार्यक्रम. थंडीत शाळांची स्नेहसंमेलनं बसवायची. अकोले तालुक्याच्या डोंगरात पथनाट्यं केली, मिरजगावला दुकानाच्या उद्घाटनाचं निवेदन केलं, रविवारच्या पुरवणीत सदर चालवलं. एक गेलं तरी दुसरं आहे, या भरवशावर मी होते. हे सगळं एकाच गळ्यावर उभं आहे, हे तो गेल्यावरच कळलं.

कोणीच माझ्याशी वाईट वागलं नाही. चॅनलच्या संपादकांनी बातम्या लिहायचं काम दिलं. वाचायला माझीच एक विद्यार्थिनी आली. ती कागद घेऊन माझ्याकडे यायची, हे वाक्य कसं म्हणू विचारायची, आणि मला ते म्हणून दाखवता यायचं नाही. मी जोराच्या शब्दाखाली रेघ मारून द्यायचे. काही दिवसांनी तिने विचारणं सोडलं. कॉलेजात मी कॉलरला माइक लावून बघितला. माइकमधून खरखर तेवढी मोठी ऐकू यायची. पुढच्या बाकावरची मुलं वाकून ऐकायची, मागची हळूहळू आपापसात बोलायला लागायची. जूनमध्ये तासिकांसाठी बोलावणं आलं नाही. रेडिओने काही काळ माझे जुने भाग लावले, मग तेही थांबलं.

लिहिणं तरी राहील असं वाटलं होतं. लिहायला गळा कशाला लागतो? पण मी आजवर लिहायचे ते बोलत, स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत. वाक्य जिभेवरून गेलं की कळायचं, खरं आहे की खोटं. आता कागदावर शब्द पडायचे आणि कुठला ठेवावा, कुठला काढावा, काही समजायचं नाही. सदर बंद केलं. वाचकांचे फोन आले असतील, मी उचलले नाहीत.

वडील नेवाशाजवळ गावी, भावाकडे असतात. मी पहिल्यांदा नाटकात उभी राहिले तेव्हा आबा बरेच दिवस माझ्याशी बोलले नव्हते. पुढे मी रेडिओवर यायला लागले तेव्हा सदऱ्याच्या खिशात मोबाईल ठेवून कांद्याच्या वाफ्यात मला ऐकायचे. अलीकडे त्यांचे कान गेले. कानातलं यंत्र त्यांना सोसत नाही. घरातल्यांना त्यांच्याशी ओरडून बोलावं लागतं, माझं मात्र त्यांना न ओरडता कळायचं. शब्द सुटा करून, खालच्या सुरात टाकायची सवय होती मला. रोज संध्याकाळी आमचा फोन असायचा.

तो बंद पडला. भावाने त्यांना काय झालं ते सांगितलं होतं, पण त्यांच्या कानात किती गेलं कोण जाणे. दिवाळीला गेले तर आबा ओट्यावर बसलेले. माझ्याकडे बघेनात. मी कानाशी तोंड नेऊन बोलले. त्यांना काही ऐकू आलं नाही. मग ते माझ्यासमोरच वहिनीला म्हणाले, "बोलत न्हाई ती माझ्याशी. नाटकाच्या येळचा राग धरून बसली हाय."

वहिनीने ओरडून ओरडून समजावलं. ऐकू न आल्यावर डोलवतात तशी त्यांनी मान डोलवली. मी त्यांचा हात घेतला, गळ्यावरच्या व्रणावर ठेवला आणि बोलायला लागले. बोटांना काही लागलं असेल नसेल. त्यांनी हात बराच वेळ तसाच ठेवला.

"कोनी सांगितलं हुतं एवढं बोलायला?" ते म्हणाले.

मी त्यांचा हात गळ्यावरून खाली घेतला.

आता मी अधूनमधून जाते, त्यांच्या शेजारी बसते. सुरुवातीला ते पावसाचं, भावाच्या पोरांचं सांगायचे. पलीकडून काही येत नाही म्हटल्यावर माणूस किती दिवस बोलेल? वहिनी म्हणते, हल्ली ते कुणाशीच फारसं बोलत नाहीत.

वर्ष झाल्यावर एकटीच पुण्याला गेले. पुन्हा दुर्बीण, पुन्हा तोच पडदा. तो स्वरतंतू तिथेच होता, होता तसा. डॉक्टरीणबाईंनी एका इंजेक्शनचं सांगितलं. थोडा फरक पडेल, घरात बोलण्यापुरता. स्टेजचं विचारू नका, म्हणाल्या. मी काही विचारलंच नव्हतं.

परतीच्या एसटीत कंडक्टरने कुठं म्हणून विचारलं. मी नगर म्हणाले. त्याने कान पुढे केला, मी पुन्हा म्हणाले. मागे लोक तिकिटासाठी खोळंबले होते. शेजारच्या बाईंना माझी दया आली.

"शिरूर म्हनत्यात त्या," त्यांनी सांगितलं.

दुरुस्त करायचं तर परत बोलावं लागलं असतं. मी अर्ध्या वाटेवरच्या शिरूरचं तिकीट घेतलं. शिरूर आल्यावर बाईंनी आठवणीने मला हलवलं, आणि मी उतरून दुसऱ्या गाडीची वाट बघत उभी राहिले.