मलिद्याचे गोटे

ये माय, हितं जवळ बस. चिंताकीहून आल्यापासून कामून वरडायलीस लेकरावर? शेजारची म्हस बुजली की तुझ्या आवाजानं! च्या घे, अन् आधी माझी फजिती ऐक.

लेक-जावई कोळारला कंपनीत कामाला, म्हणून नात माझ्यापाशी औरादला शिकायला. तिला माझ्या मोबाइलचं याड लागलं. एक दिवस मी तो हिसकला अन् पिठाच्या डब्यात पुरला. मग लेकीचा फोन आला, तर डबाच वाजायलाय! पोरगी जेवंना, माझ्याशी बोलंना. फोनवरलं पीठ झटकून आईला मात्र सांगितलं, "मला न्या हितनं." लेक म्हणाली, "रविवारी येते न्यायला."

ही गेली तर घर खायला उठंल.

बेस्तरवारी दर्ग्यात चढवायला मलिदा केला. म्हणलं, पोरीच्या हट्टावर तावीजच मागावा. चपाती कुस्करली, गूळ-तूप घातलं अन् लाडू वळताना सगळा राग मुठीत काढला.

तिथं गेलो तर पोरगी चपला घालूनच आत निघाली. मी दंड धरून वरडले, तिनं खांबाला मिठी मारली. तेवढ्यात म्हातारे मुजावर उंबऱ्यात येऊन बसले. "आओ बेटा, पीर का दरवाजा सबकू खुल्ला है. चपलां भाईर."

पोरीनं न्हाई म्हणून मुंडी हलवली. ते रागावले न्हाईत, अन् बाजूला बी सरकले न्हाईत. मोरपिसांचा कुंचा मांडीवर घेऊन नुसते हसत बसले. जरा वेळानं चपला निघाल्या, गुमान.

फातेहा झाल्यावर त्यांनी लाडू तोंडात घातला अन् गालच धरला. "अक्का, मलिदा लाए की गोटे? इत्ता कायकू दाबे?"

त्यांच्या हातातला लाडू पडला, गडगडत दारापातुर गेला, पण फुटला न्हाई. नात खदाखदा हसली.

मी तावीज मागितला. "तावीज नक्को अक्का. दरवाजा खुल्ला रखो, चपलां भाईर रखो. बस."

घरी आल्यावर नातीला जवळ घेतलं. "अभ्यास झाला की मोबाइल, दिवा लागला की बंद."

"अन् पिठाचा डबा?"

"डब्यात पीठच ऱ्हाईल, माय."

रविवारी लेक आली तर पोरगी लाडू वळत बसलेली. म्हणाली, "आई, तू जा. आजीला अजून जमंना, मी शिकवायलेय."

तवा तू बी लेकराला घेऊन लवकर ये परत. चिंताकी काय लांब हाय व्हय? बेस्तरवारीच ये. लाडू नातच वळती, दाताला भ्यायचं काम न्हाई.