खाटेखालचं गोड पाणी

कॉलरा नव्या प्रकारचा आहे, नेहमीच्या औषधांना दाद देत नाही, असं समजल्यापासून आमच्या हॉस्पिटलात जुलाबाच्या प्रत्येक पेशंटची तपासणी होऊ लागली. वॉर्डात जाऊन नमुने घ्यायचं काम लॅबमधून माझ्याकडे आलं. अनोळखी माणसाला रस्ता विचारतानाही माझा घसा कोरडा पडतो. इथं तर सगळे प्रश्न संडासाचे.

लासूर स्टेशन गावाहून आलेली एक मुलगी सलाइनवर होती. माझं अडखळणं ऐकून तिची आई हसली.

"संडास म्हणाया इतकी लाजतीस, सासरी कसं व्हायचं गं तुझं? बस. पाणी पी आधी."

मी "नको मावशी" म्हणेपर्यंत पेला हातात आला होता. दुखण्याच्या खाटेपाशीसुद्धा आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय तिला चैन पडत नसावं. पाणी वॉर्डातल्या फिल्टरचं असणार असं धरून मी ते प्यायले आणि नमुना घेऊन निघाले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या आजींना जुलाब सुरू झाले. त्या तर मोडलेला पाय घेऊन आल्या होत्या. दुपारपर्यंत त्यांचे डोळे खोल गेले, हाताची कातडी सुरकुतली. म्हणजे कॉलरा आमच्याच वॉर्डात पसरत होता. कुठून, ते लगेच कळायला हवं होतं, नाहीतर पुढची खाट. फिल्टरचं पाणी तपासायला डॉक्टर आणि मी बाटली घेऊन गेलो.

"ते कोण पितंय?" मावशी म्हणाली. "तुमच्या शहरात नळाला आठ-आठ दिस पाणी येत नाय. साठवलेलं, वास मारतंय. आमच्या हिरीचं लई गोड हाय." तिनं खाटेखालून निळा कॅन ओढला. "लेकीची मीठ-साखरेची पुडी ह्याच्यातच कालवते. आजीबाईलाबी दिलं. आख्ख्या वॉर्डाला पाजलं की!"

डॉक्टरांनी माझ्या हातातली बाटली त्या पाण्यानं भरली. मी कॅनकडे बघत राहिले. निम्म्याहून जास्त रिकामा होता.

सकाळी लॅबमध्ये कॅनच्या पाण्यातले जंतू वाढवायला ठेवलेली हिरवी थाळी उघडली. कॉलऱ्याच्या पिवळ्या ठिपक्यांनी ती भरून गेली होती. असले ठिपके मी रोज बघते, पण ह्या पाण्याचा एक पेला मी स्वतः प्यायले होते. आजींना रात्रीच आयसीयूत हलवलं होतं. माझ्या पोटात पहाटेपासून गुरगुरत होतं. भीतीनं की कशानं, सांगता येत नव्हतं.

दुपारपर्यंत मलाही जुलाब लागले आणि माझ्याच हातात नमुन्याची डबी आली. ती देऊन मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले. माझ्या जागी काम करणाऱ्या मैत्रिणीनं, नजर वर न करता, माझेच प्रश्न मला विचारले. किती वेळा, उलटी झाली का, पाणी कुठलं प्यालीस.

शेवटच्या प्रश्नाला मी मान वर केली. समोर दारात मावशी उभी होती. पदर तोंडाशी, हसू पार पुसलेलं.

"लिव्ह बाई," ती मैत्रिणीला म्हणाली. "माझ्या हातचं."